वाटाण्याएवढी ग्रंथी

(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात दिलेलं हे भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आरती झाली, प्रसाद झाला, आता डॉक्टर उभे राहिले म्हणजे मधुमेह नाहीतर गुडघे, असं तुम्हाला वाटलं असेल. चिटणीसांनीही मला तेच सुचवलं होतं. पण मी त्यांच्याकडून वेगळा विषय मागून घेतला, आणि त्याला कारण आपलं मंदिराचं स्वयंपाकघर आहे.

गेल्या महाप्रसादाच्या दिवशी एक काकू पुऱ्या लाटता लाटता खाली बसल्या. चेहरा पांढरा, अंगाला घाम. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "काही नाही हो डॉक्टर, अंगात ताकदच राहिली नाही. वय झालं आता." खोदून विचारल्यावर कळलं ते असं. खांदे आणि कंबर आखडायची म्हणून जीपीने त्यांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या होत्या. सात-आठ महिने त्या नेमाने घेत होत्या, बरंही वाटत होतं. मग भारतातून बहिणीचा फोन आला की अगं ते स्टेरॉइड आहे, हाडं पोखरतं, फेकून दे आधी. काकूंनी बहिणीचं ऐकलं. आठ दिवस गोळी बंद. त्याच दुपारी त्यांना आम्ही ए अँड ईला नेलं. आज त्या इथे बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. नाव सांगणार नाही, आणि कृपा करून आता मागे वळून शोधू नका.

तर त्या आठ दिवसांत काकूंच्या शरीरात काय झालं, हे समजायचं तर आधी एका लहानशा ग्रंथीची ओळख करून घ्यावी लागेल. तिचं नाव पिट्युटरी. शाळेच्या पुस्तकात आपण तिला पियुषिका म्हणून वाचलं आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. आकार वाटाण्याएवढा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. जागा कुठे, तर दोन भुवयांच्या मध्ये आपण गंध लावतो ना, तिथून सरळ आत गेलं की मेंदूच्या खाली हाडाची एक छोटी वाटी आहे, त्या वाटीत ही बसलेली असते. तिच्या बरोबर वरून डोळ्यांच्या नसा जातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही ग्रंथी स्वतः फारसं काम करत नाही, दुसऱ्यांकडून करून घेते. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सासूबाईंसारखी. गळ्यातल्या थायरॉइडला निरोप देते, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना देते, बायकांच्या बीजकोशांना आणि पुरुषांच्या वृषणांना देते. बाळंतिणीच्या दुधासाठी एक निरोप, मुलांच्या उंचीसाठी एक, आणि मागच्या भागातून मूत्रपिंडांना एक, की पाणी धरून ठेवा, वाया घालवू नका. निरोप म्हणजेच हार्मोन. निरोप थांबला की खालचे कामगार धडधाकट असूनही हात बांधून बसतात. आणि मजा अशी की अशा माणसाला कुठे काही दुखत नाही. नुसता तो मंदावतो. म्हणून घरातले म्हणतात आळशी आहे, शेजारी म्हणतात वय झालं, मूल असेल तर म्हणतात चणच लहान आहे.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या घरातलं आहे.

माझी धाकटी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दिली होती. तिच्या चौथ्या बाळंतपणाच्या वेळी मी आठ-नऊ वर्षांचा होतो. बाळंतपण घरीच. रक्त फार गेलं, ती दीड दिवस शुद्धीवर नव्हती, आणि बायका म्हणायच्या की देवीनेच वाचवली. वाचली खरी. पण तिच्या अंगावर दूध आलं नाही. आधीच्या तीन मुलांना भरपूर होतं, या वेळी थेंब नाही. दृष्ट लागली म्हणाले. बाळ शेळीच्या दुधावर वाढलं.

त्यानंतरची मावशी मला चांगली आठवते, कारण मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडेच जायचो. वैशाखाच्या उन्हातही तिच्या खांद्यावर शाल असायची. भाकऱ्या थापता थापता मध्येच भिंतीला टेकून बसायची. भुवया विरळ झाल्या होत्या. बोलणं हळू, चालणं हळू. रंग मात्र असा पांढुरका झाला होता की लग्नकार्यात बायका कौतुक करायच्या, किती गोरी झालीस गं! तिची सासू सरळ आळशी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर माझी आईही कधी कधी म्हणायची. पाळी पुन्हा कधी आलीच नाही. पण चार मुलं झालेल्या बाईची पाळी थांबली याचं त्या घरात कुणाला दुःख नव्हतं. गावचे डॉक्टर लोहाचं टॉनिक आणि ताकदीची इंजेक्शनं द्यायचे. त्याने काही फरक पडला नाही, पण बंदही केली नाहीत.

१९७९ च्या पावसाळ्यात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मी तेव्हा पुण्यात वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीसाठी घरी आलो होतो. निरोप आला तसा स्टेथोस्कोप घेऊन गेलो. भाचा डॉक्टर होतोय म्हणून सगळ्यांना धीर आला. रक्तदाब मोजला, वरचा आकडा ८० च्या आत. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. घरातल्या आणखी दोघांना तोच त्रास झाला होता, ते दोन दिवसांत उठून बसले. मावशी गुंगीत गेली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. वय ४१. पटकी असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

नंतर मी या देशात आलो. एका रुग्णालयाच्या वसतिगृहात रात्री एमआरसीपीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो, तेव्हा एका पानावर शीहान सिंड्रोम हे प्रकरण आलं. हॅरॉल्ड शीहान हे इथलेच, ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात शवचिकित्सा करणारे डॉक्टर. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या शवचिकित्सा करताना त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं रक्त फार गेलं होतं त्यांच्यातल्या अनेकींची पिट्युटरी मरून गेलेली असते. १९३७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कारण असं की गरोदरपणात ही ग्रंथी दुधाच्या तयारीसाठी फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात खूप रक्त जाऊन रक्तदाब कोसळला की पहिला फटका हिला बसतो. बाई वाचते, ग्रंथी मरते. पुढे यादी दिली होती: दूध न येणं, पाळी न परतणं, थंडी सहन न होणं, भुवया आणि अंगावरचे केस विरळ होणं, त्वचा फिकट पडणं, सुस्ती. शेवटची ओळ अशी की साध्या आजारातही अशी रुग्ण अचानक दगावू शकते. मी ते पान वाचत होतो आणि मला मावशी दिसत होती, भिंतीला टेकलेली.

तिचा रक्ताचा एकही रिपोर्ट नाही, त्यामुळे निदान सिद्ध करता येणार नाही, हे डॉक्टर म्हणून मला कबूल करायला हवं. पण माझ्या मनात शंका नाही. आणि जे औषध तिला त्या रात्री हवं होतं, ते हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन आम्ही पुण्याला वॉर्डात दम्याच्या रुग्णांना रोज देत होतो. मला सुचलं नाही. तेव्हा मला बावीसावं वर्ष होतं, हे खरं. तरी सुचलं नाही हेही खरं.

म्हणून इथे बसलेल्या आज्यांना आणि काकूंना माझे तीन प्रश्न. तुमच्यापैकी कितीतरी जणींची बाळंतपणं गावाकडे झाली. कोणत्या बाळंतपणात रक्त इतकं गेलं होतं का, की तुम्ही बेशुद्ध झालात किंवा रक्त चढवावं लागलं? त्यानंतर अंगावर दूध आलं का? पाळी परत सुरू झाली का? पहिल्याचं उत्तर हो आणि पुढच्या दोहोंचं नाही असेल, तर कितीही वर्षं झाली असोत, जीपीला सांगा. संकोच वाटत असेल तर सुनेला, मुलीला सांगायला लावा. भारतात हा आजार अजूनही दिसतो, आणि बाळंतपणानंतर दहा-वीस वर्षांनी निदान होणं ही त्याची नेहमीचीच तऱ्हा आहे.

इथे एक मेख सांगून ठेवतो. थकवा, थंडी, बद्धकोष्ठ म्हटलं की थायरॉइडची तपासणी होते आणि पुष्कळदा फक्त टीएसएच बघतात. आता हा टीएसएच म्हणजेच पिट्युटरीचा थायरॉइडला निरोप. पिट्युटरीच आजारी असेल तर तो वाढणार कसा? थायरॉइड हार्मोन खाली गेलेलं असतं आणि टीएसएच मात्र नॉर्मल येतो. कागदावर सगळं ठीक, माणूस शालीत. म्हणून शंका असेल तेव्हा फ्री टी-फोर ही तपासणी बरोबर हवी, आणि सकाळी आठ-नऊच्या सुमाराला कॉर्टिझोल. उतारवयात रक्तातलं सोडियम वारंवार कमी येत असेल तर त्याच्या अनेक कारणांत हेही एक असतं. आणखी एक: कॉर्टिझोलही कमी असेल तर ते आधी सुधारायचं, थायरॉइडची गोळी नंतर. उलटं केलं तर रुग्ण बरा व्हायच्या ऐवजी कोसळतो. शेजारणीची थायरॉक्सिनची गोळी घेऊन पाहते, असं म्हणणारे आपल्यात आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

ग्रंथी बिघडण्याची दुसरी कारणंही आहेत. डोक्याला जोरदार मार, मेंदूला दिलेलं रेडिएशन, आणि मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे ग्रंथीवरची गाठ. गाठ म्हटल्याबरोबर घाबरू नका, या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. पण जागा अडचणीची. मघाशी म्हटलं की वरून डोळ्यांच्या नसा जातात, त्या दाबल्या गेल्या की दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं. समोरचं वाचता येतं, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, बाजूने येणारी गाडी दिसत नाही. इथे साठीनंतर डोळ्यांची तपासणी एनएचएसकडून मोफत आहे, तिथे बाजूची नजर तपासायला सांगा. काही गाठी दुधाचं हार्मोन वाढवतात, त्यांना गोळ्या पुरतात आणि गाठ आक्रसते. काही उंचीचं हार्मोन वाढवतात, तेव्हा प्रौढ माणसाची उंची वाढत नाही, पण अंगठी बोटात जाईना, बुटाचा नंबर वाढला, जबडा पुढे आला असं होतं. हे इतकं सावकाश होतं की घरच्यांना कळत नाही. वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राला कळतं. लग्नातला फोटो शेजारी धरून पाहावा. शस्त्रक्रिया लागली तर ती बहुधा नाकातून करतात, कवटी उघडत नाहीत. आणि अचानक भयंकर डोकं दुखून उलट्या झाल्या, एकाचं दोन दिसायला लागलं किंवा पापणी खाली पडली, तर सकाळची वाट पाहू नका. तेव्हाच ९९९.

आता काकूंच्या गोळ्यांकडे परत येतो, कारण आज मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

पिट्युटरीच्या निरोपावर ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिझोल बनवतात. हे आपलं शरीराचंच स्टेरॉइड आहे. रक्तदाब धरून ठेवणं, रक्तातली साखर टिकवणं, ही त्याची कामं. ताप आला, हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली की निरोगी शरीर ते कितीतरी पटीने जास्त बनवतं, म्हणून आपण आजारातून उठतो. आता बाहेरून महिनोन् महिने प्रेडनिसोलोन आलं की पिट्युटरीला वाटतं, घरात भरपूर आहे, निरोप कशाला पाठवू? ती झोपते. निरोप नाही म्हणून ॲड्रिनलही सुकते. अशा वेळी बाहेरचं एकदम बंद केलं तर घरातलं आहेच कुठे? झोपलेली ग्रंथी जागी व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून स्टेरॉइड डॉक्टर पायरी पायरीने उतरवतात. काकूंच्या बहिणीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. त्यावर उपाय डॉक्टरांना विचारायचा असतो, गोळी कचऱ्यात टाकायची नसते.

आणि ज्यांची पिट्युटरी कायमची बंद आहे, त्यांच्यासाठी हायड्रोकॉर्टिझोनची गोळी म्हणजे बाहेरचं औषधही नाही. शरीर जे बनवायचं तेच, तेवढंच आपण तोंडाने घालतो. रोजचा डोस साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा वाटून. ताप आला तर निरोगी शरीर कॉर्टिझोल आपोआप वाढवतं, यांचं वाढत नाही, म्हणून यांनी आजारपणात डोस वाढवायचा असतो, बहुधा दुप्पट. प्रत्येकाचा नेमका आकडा त्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर मात्र गोळीवर विसंबायचं नाही. इंजेक्शन घ्यायचं, मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम, आणि ९९९ ला फोन करून "ॲड्रिनल क्रायसिस" हे दोन शब्द म्हणायचे. इंग्रजी येत नसेल तरी एवढे दोन पाठ करा. रामरक्षा पाठ आहे, हे अवघड नाही.

इंग्लंडमध्ये २०२० पासून एनएचएसचं एक स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड आहे. ज्यांना हा धोका आहे त्यांनी ते जवळ बाळगायचं, म्हणजे बेशुद्ध अवस्थेत गेलात तरी डॉक्टरांना कळतं. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवडे किंवा जास्त घेतलेल्या मोठ्या माणसांनाही ते लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. जीपीकडे किंवा औषधाच्या दुकानात मागा. ज्यांची पिट्युटरी कायमची अपुरी आहे आणि ज्यांना अजून साठ झाली नाहीत, त्यांना इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनचा आकार माफ होतो. त्याचा अर्ज जीपीकडे मिळतो.

उपासाचं विचारणार हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी एका आजोबांनी निर्जळी एकादशीला गोळी चुकवली आणि दुसऱ्या दिवशी उठताना पडले. मंडळी, स्टेरॉइडची गोळी आणि ती गिळायला लागणारं घोटभर पाणी याने उपास मोडतो असं मला वाटत नाही. मी आपल्या गुरुजींनाही विचारलं. ते म्हणाले, औषधाला उपास आड येत नाही, आणि जमत नसेल त्याने नामस्मरण करावं. संकष्टीचं तर इथे आणखी वेगळंच. भारतात नऊ-दहाला चंद्र दिसतो, इथे उन्हाळ्यात तो मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोही ढगाआड. ज्यांना कॉर्टिझोल कमी आहे त्यांनी तोवर उपाशी राहू नये. साबुदाण्याची खिचडी दुपारी खा आणि गणपतीला माझं नाव सांगा.

दुसरं म्हणजे गावाकडून आणलेल्या पुड्या. सांधेदुखीची, दम्याची, बिननावाची पांढरी पुडी. दोन दिवसांत गुडघा असा मोकळा होतो की लोक वैद्यबुवांच्या पाया पडतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. मी आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही, माझ्या घरात त्रिफळा आहे. पण जिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, ती पुडी घेऊन चेहरा गोल व्हायला लागला, कातडी सहज काळीनिळी पडायला लागली, तर जीपीला पुडी दाखवा. ती संपली म्हणून एकदम थांबवणं हाही धोकाच, काकूंसारखा.

पाण्याच्या निरोपाबद्दल थोडक्यात. तो थांबला की माणूस दिवसाला कित्येक लिटर लघवी करतो आणि तेवढंच पाणी पितो. याचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी संबंध काही नाही, पण नावामुळे रुग्णालयातसुद्धा लोक गोंधळतात, डेस्मोप्रेसिन द्यायचं राहून जातं, आणि त्यातून माणसं दगावली आहेत. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी नावच बदलायचं सुचवलं, एव्हीपी डेफिशियन्सी. घरात कुणाला असेल तर रुग्णालयात भरती होताना ते औषध आणि पाण्याचा तांब्या, दोन्ही जवळ आहेत याची खात्री नातेवाइकांनी करायची.

आता नातवंडं. मी मुलांचा डॉक्टर नव्हतो, मोठ्यांचा होतो, तेवढं समजून घ्या.

उंचीची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची पिट्युटरी उत्तम असते. आईवडील बुटके असतात, किंवा मूल उशिरा वयात येणारं असतं. काहींना गव्हाचं पचत नाही, सीलिॲक म्हणतात, त्यानेही वाढ खुंटते. पाहायचं ते आज उंची किती हे नव्हे, वर्षभरात वाढली किती. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. सतत चारच्या खाली राहिलं तर तपासायला हवं. माझ्या ओळखीच्या एका घरात हे आजीने पकडलं. मुलाची शाळेची पँट तिसऱ्या वर्षीही बरोबर बसत होती, आणि दोन वर्षांनी लहान बहीण त्याच्या बरोबरीला आली. आईवडील म्हणत, आमच्याकडे सगळे असेच. आजी म्हणाली, असेच असतील, पण कपडे तरी फाटायच्या आधी आखूड होतात. तपासणीत उंचीचं हार्मोन फारच कमी निघालं. अशी मुलं बुद्धीने अगदी ठीक असतात, बांधाही प्रमाणात असतो. फक्त वयापेक्षा लहान आणि गुटगुटीत दिसतात, म्हणून कौतुकच होतं. वाढ खुंटण्याबरोबर डोकेदुखी, सतत तहान किंवा नजरेची तक्रार असेल तर गाठीची शंका घ्यावी लागते, तिथे उशीर नको.

उपचार म्हणजे उंचीच्या हार्मोनचं इंजेक्शन, बहुतेक वेळा रोज रात्री, कित्येक वर्षं. हाडांची टोकं जुळून गेली की उंचीसाठी उपयोग नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. तुमच्या नातवंडांचा तो मेस्सी, त्यालाही लहानपणी हीच कमतरता होती आणि तो हीच इंजेक्शनं घेत मोठा झाला. उंची वाढवणाऱ्या पावडरी मात्र विसरा. हे हार्मोन प्रथिन आहे, तोंडाने घेतलं तर वरणासारखं पचून जातं.

एका आईने मला विचारलं की हे इंजेक्शन मृत माणसांपासून करतात ना? एकेकाळी करत. या देशात १९५९ पासून १९८५ पर्यंत शवांमधून पिट्युटरी काढून त्यातून हार्मोन मिळवत, आणि सुमारे १,८०० मुलांना ते दिलं गेलं. पुढे कळलं की काही साठ्यांतून क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार त्या मुलांत गेला. तो दिसायला दहा, वीस, तीस वर्षंही लागली. हेतू चांगला होता, मुलं उंच झाली, आणि त्यातली काही ऐन तारुण्यात गेली. १९८५ मध्ये ते बंद झालं. आजचं हार्मोन प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतात, त्यात शवाचा अंशही नसतो, तो धोका नाही. आपल्यापैकी कुणी लहानपणी, १९८५ च्या आधी ती इंजेक्शनं घेतली असतील तर शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा, आणि रक्तदान करू नका.

भारतात ही इंजेक्शनं महाग आहेत. महिन्याला हजारो रुपये, आणि मूल वाढेल तसा डोसही वाढतो. बरीचशी कुटुंबं अर्ध्यावर सोडून देतात. आपल्या साहाय्य निधीकडे अशी विनंती आली तर एकरकमी मदत करून फोटो काढण्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुरेल अशी ठरावीक रक्कम द्यावी, असं मी समितीला लिहून दिलं आहे. अर्धवट उपचाराला दिलेले पैसे बरेचसे वाया जातात. हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या त्या मानाने स्वस्त आहेत. तिथे अडतं ते निदानावर.

भारतात जाताना गोळ्या आणि इंजेक्शन हातातल्या सामानात ठेवा, जेवढे दिवस राहणार त्याच्या दुप्पट, डॉक्टरांच्या पत्रासह. पुण्या-मुंबईच्या पाण्याने पोट बिघडलं की हाच प्रसंग येतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

शेवटी समितीच्या वतीने दोन गोष्टी. रुग्णालयात बरोबर जाऊन मराठीत समजावून सांगतील असे चार-पाच जण हवे आहेत, गाडी असली तर उत्तम. नावं चिटणीसांकडे द्या. आणि पुढच्या रविवारी आरतीनंतर साडेबारा ते दोन मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना स्टेरॉइड चालू आहे, किंवा गेल्या वर्षात होतं, त्यांनी यावं. कार्ड मिळवायला मदत करू. दम्याचे पंप, गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं, गावच्या पुड्या, सगळं सांगा, मी रागावणार नाही. गोळ्या प्लास्टिकच्या डब्यांत सुट्या आणू नका, मूळ खोकी आणा. डोस खोक्यावर लिहिलेला असतो, आणि चष्मा मी माझा आणतो.